साथ रोखण्याचा खर्च आणि त्यातून वाचणारे आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महासाथीत निर्बंध लावावेत का, कोणते लावावेत आणि कधी उठवावेत, याचा हिशेब कसा मांडायचा हे या पानावर दिले आहे. बहुतेक उदाहरणे कोविडची आहेत, कारण आकडे त्याच साथीचे सर्वाधिक उपलब्ध आहेत. पद्धत मात्र श्वासावाटे पसरणाऱ्या कोणत्याही साथीला लागू पडते.

‘आरोग्य की अर्थव्यवस्था’, यातले एक निवडावेच लागते ना?

नाही. बहुतेक चुकीची उत्तरे या मांडणीतूनच निघतात. निर्बंध नसते तर लोक नेहमीप्रमाणे दुकानात, उपाहारगृहात, प्रवासाला गेले असते, असे या मांडणीत गृहीत धरलेले असते. साथ भडकलेली असताना तसे घडत नाही. २०२० च्या पहिल्या लाटेत ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी मोबाइल फोनच्या नोंदींवरून अमेरिकेतील दुकानांमधली वर्दळ मोजली. आदेश असलेल्या आणि नसलेल्या शेजारच्या भागांची तुलना केली. वर्दळ एकूण ६० टक्क्यांनी घटली होती, पण त्यात सरकारी आदेशांचा वाटा जेमतेम ७ टक्के-अंकांचा निघाला. उरलेले लोक स्वतःहून घरी थांबले होते. डेन्मार्कने व्यवहार बंद केले, शेजारच्या स्वीडनने बरेचसे चालू ठेवले. तरी बँक खात्यांच्या नोंदींनुसार लोकांचा खर्च डेन्मार्कमध्ये २९ टक्क्यांनी आणि स्वीडनमध्ये २५ टक्क्यांनी घटला.

इथे एक सावधगिरी हवी. घरी थांबणे ज्यांना परवडते अशा समाजातले हे आकडे आहेत. हातावर पोट असलेला माणूस भीती वाटली तरी कामावर जातो, म्हणून तिथे आदेशामुळे होणाऱ्या नुकसानीचा वाटा मोठा धरावा लागतो.

मग तुलना नेमकी कशाशी करायची?

‘निर्बंधांसह साथ’ आणि ‘निर्बंधांविना साथ’ या दोन चित्रांची. ‘साथ येण्याआधीचे वर्ष’ हे तिसरे चित्र या हिशेबात येतच नाही, तरी सर्वांत जास्त वापरले जाते तेच. २०२० मध्ये जगाचे उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी घटले. ही सगळी घट लॉकडाऊनच्या नावावर टाकली की खर्च अनेक पटींनी फुगतो.

उलट बाजूनेही हीच चूक होते. १६ मार्च २०२० च्या लंडनमधील इम्पीरियल कॉलेजच्या अहवालात काहीच न केल्यास ब्रिटनमध्ये ५.१ लाख आणि अमेरिकेत २२ लाख मृत्यू होतील असे गणित होते. त्यात लोकही आपणहून वागणे बदलणार नाहीत असे गृहीत होते, आणि अहवालात ते स्पष्ट लिहिलेलेही होते. तो आकडा पाया धरून ‘एवढे जीव वाचले’ असे म्हटले की लोकांच्या स्वतःच्या सावधपणाचे श्रेयही धोरणाच्या खात्यात जमा होते. लोकांची भीती दोन्ही चित्रांत आणि दोन्ही बाजूंना धरा. एवढे केले तरी निम्मा वाद मिटतो.

माणसाच्या जिवाची किंमत पैशांत लावणे योग्य आहे का?

ती न लावण्याचा पर्यायच नसतो. रस्त्याला दुभाजक घालायचा की नाही, एखादे महाग औषध सरकारी योजनेत घ्यायचे की नाही, या प्रत्येक निर्णयात ती किंमत दडलेली असते. ती लपवण्यापेक्षा उघड लिहिलेली बरी, म्हणजे तिच्यावर वाद तरी घालता येतो.

दोन पद्धती रूढ आहेत. पहिली ‘सांख्यिकीय जीवनमूल्य’. मरणाचा धोका थोडासा कमी करण्यासाठी लोक किती पैसे मोजतात, किंवा धोकादायक कामासाठी किती जादा मजुरी मागतात, यावरून ते काढतात. समजा १०,००० जणांनी प्रत्येकी १,००० मोजून आपला धोका दहा हजारांत एकने कमी केला, तर एका सांख्यिकीय जिवाचे मूल्य १ कोटी. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०२० साठी हा आकडा १.१६ कोटी डॉलर धरला होता. दुसरी पद्धत ‘क्वाली’ची, म्हणजे गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्षांची. पूर्ण निरोगी एक वर्ष म्हणजे १, आजारपणात काढलेले वर्ष त्याहून कमी. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने औषधे मंजूर करताना एका क्वालीला २०,००० ते ३०,००० पौंड ही मर्यादा दीर्घकाळ वापरली.

या दोन पद्धतींची उत्तरे खूप वेगळी येतात. म्हणून हिशेब दोन्हींनी करून शेजारी-शेजारी ठेवावा. एकच आकडा दाखवणाऱ्या अहवालाकडे सावधपणे पाहा.

एखादे उदाहरण सोडवून दाखवाल का?

खालचा देश आणि त्याचे आकडे काल्पनिक आहेत. पद्धत दिसावी एवढाच हेतू.

लोकसंख्या १ कोटी, दरडोई वार्षिक उत्पन्न ५ लाख, म्हणजे जीडीपी ५ लाख कोटी. निर्बंध ८ आठवड्यांचे. या आठ आठवड्यांचे नेहमीचे उत्पादन सुमारे ७६,९०० कोटी.

पहिली पायरी: निर्बंध नसते तरी भीतीमुळे उलाढाल ८ टक्क्यांनी घटली असती आणि निर्बंधांमुळे ती १५ टक्क्यांनी घटते असे धरू. निर्बंधांच्या नावावर फक्त ७ टक्के, म्हणजे ५,३८५ कोटी. लांबणीवर पडलेली काही खरेदी पुढे होतेच, तो चौथा हिस्सा वजा केला की उरतात सुमारे ४,०४० कोटी.

दुसरी पायरी: वाचलेले मृत्यू ६,०००. वाचलेल्यांचे सरासरी १० वर्षे आयुष्य शिल्लक, पण त्यांतल्या अनेकांना जुने आजार असल्याने ७ क्वाली. एकूण ४२,००० क्वाली. एका क्वालीला दरडोई उत्पन्नाच्या तिप्पट, म्हणजे १५ लाख धरले तर लाभ ६,३०० कोटी. खर्चापेक्षा लाभ जास्त.

तिसरी पायरी: हेच ६,००० मृत्यू सांख्यिकीय जीवनमूल्याने मोजा. एका जिवाला दरडोई उत्पन्नाच्या १०० पट, म्हणजे ५ कोटी धरले की लाभ ३०,००० कोटी होतो. मूल्य बदलताच उत्तर जवळपास पाचपट झाले! अशा अहवालावर मत देण्याआधी ही एक ओळ शोधून काढा.

शाळा बंद ठेवण्याचा खर्च यात कुठे आहे?

वरच्या उदाहरणात मुद्दामच घेतला नव्हता, कारण तो आला की चित्र पालटते. शाळा बंद झाली म्हणून त्या वर्षीचा जीडीपी फारसा हलत नाही. त्यामुळे घाईच्या हिशेबात हा खर्च गळून जातो आणि वीस-तीस वर्षांनी त्या मुलांच्या मिळकतीत उमटतो.

त्याच देशात १५ लाख विद्यार्थी आहेत. आठ आठवड्यांची शाळा म्हणजे शालेय वर्षाचा साधारण पाचवा भाग. शिक्षणाच्या एका वर्षाने मिळकत सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वाढते असे जगभरच्या अभ्यासांत दिसते. म्हणजे आयुष्यभराच्या मिळकतीचे १.८ टक्के नुकसान. ही मिळकत आजच्या किमतीत ६० लाख धरली, तर दर मुलामागे १.०८ लाख आणि एकूण १६,२०० कोटी. बाकी सगळ्या निर्बंधांच्या चौपट!

आता उलटा प्रश्न विचारा: फक्त शाळा बंद केल्याने किती जादा मृत्यू टळले तर हा खर्च भरून निघेल? क्वालीच्या दराने एका मृत्यूचे मूल्य १.०५ कोटी येते, म्हणून उत्तर सुमारे १५,४०० मृत्यू. बुडालेला निम्मा अभ्यास नंतर भरून काढला तरी ७,७००. इतर सर्व निर्बंध मिळून ६,००० जीव वाचवत असतील, तर शाळांसाठी ही पातळी फार वर आहे. मात्र मुलांनाच गंभीर आजार होत असेल, किंवा साथीचा मुख्य प्रसार शाळांतूनच होत असेल, तर हेच गणित शाळा बंद करा असे सांगेल. इन्फ्लुएंझाच्या साथींत मुले प्रसाराचे मोठे वाहक असतात. कोविडच्या अनुभवावरून पुढच्या साथीचा निकाल आधीच देऊन ठेवता येत नाही.

ही भीती नुसती कागदावरची नाही. एप्रिल २०२० मध्ये जगातील सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालये बंद होती. नेदरलँड्समध्ये शाळा फक्त ८ आठवडे बंद होत्या आणि घरोघरी इंटरनेट होते. तरीही प्राथमिक शाळेतल्या मुलांचे नुकसान वर्षाच्या पाचव्या भागाइतके, म्हणजे बंद काळाएवढेच भरले. कमी शिकलेल्या आई-वडिलांच्या मुलांमध्ये ते ६० टक्क्यांपर्यंत जास्त होते.

निर्बंध लवकर लावावेत की खात्री होईपर्यंत थांबावे?

रुग्णसंख्या दर ३ दिवसांनी दुप्पट होत असेल, तर १४ दिवसांच्या उशिराने ती सुमारे २५ पट होते. एक बाधित माणूस पुढे सरासरी जितक्यांना बाधित करतो त्या आकड्याला ‘आर’ म्हणतात. कडक निर्बंधांनी आर ०.७ वर आला आणि संसर्गाच्या दोन पिढ्यांत ५ दिवसांचे अंतर असेल, तर २५ पट वाढलेली संख्या पूर्वीच्या जागी आणायला ९ पिढ्या, म्हणजे ४५ दिवस लागतात. चौदा दिवस वाचवायला गेलो आणि पंचेचाळीस दिवस मोजले, असा हा व्यवहार आहे. आणि वाढलेल्या काळातले मृत्यू वेगळेच.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात हे अमेरिकेतील दोन शहरांत दिसले. फिलाडेल्फियात पहिले रुग्ण १७ सप्टेंबरला नोंदले गेले, २८ सप्टेंबरला मोठी मिरवणूक झाली आणि बंदी आली ३ ऑक्टोबरला. सेंट लुईमध्ये पहिले रुग्ण ५ ऑक्टोबरला आणि बंदी ७ ऑक्टोबरला. सर्वांत वाईट आठवड्यातले जादा मृत्यू फिलाडेल्फियात लाखामागे २५७ होते, सेंट लुईमध्ये ३१.

थोडे ढिले निर्बंध ठेवले तर दोन्ही साधेल का?

बहुतेक वेळा दोन्ही हातचे जाते. वरच्याच उदाहरणात आर ०.७ ऐवजी ०.९ वर अडकला, तर ४५ दिवसांचे १५३ दिवस होतात. दुकाने पाच महिने अर्धवट उघडी आणि रुग्णालये पाच महिने भरलेली! आर १ च्या खाली नेण्याइतके करा आणि लवकर मोकळे व्हा, किंवा ते जमणार नसेल तर कमी खर्चाच्या उपायांवर दीर्घकाळ टिकून राहा.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आर १ वर रोखून धरायला लागणारा संयम रोज १०० रुग्ण असताना आणि रोज १०,००० असताना जवळपास सारखाच लागतो. खर्च तोच, मृत्यू शंभरपट. म्हणून साथ थोपवून ठेवायचीच असेल, तर आधी संख्या खाली आणावी आणि मग तिथे थोपवावी.

सगळ्यांना एकदा होऊन गेले की साथ संपेल. मग हा खटाटोप कशाला?

आर २.५ असेल तर ६० टक्के लोकांना प्रतिकारशक्ती आली की साथ उतरणीला लागते. पण ती तिथे थांबत नाही. त्या क्षणी बाधित असलेले लोक पुढेही संसर्ग देत राहतात आणि अनियंत्रित लाटेत सुमारे ८९ टक्के लोक सापडतात. मधल्या २९ टक्क्यांचा संसर्ग पूर्णपणे टाळता येण्याजोगा असतो. शिवाय प्रतिकारशक्ती काही महिन्यांत उतरत असेल किंवा विषाणू बदलत असेल, तर ‘एकदाच’ हा शब्दच लागू होत नाही.

साथ पुढे ढकलून काय मिळते? शेवटी मृत्यू तेवढेच होणार ना?

ढकललेल्या काळात काय हाती येते यावर ते अवलंबून आहे. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या औषधचाचणीत जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाचा गुण सिद्ध झाला. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. हे औषध जुने आणि स्वस्त होते, फक्त माहिती नवी होती. डिसेंबर २०२० मध्ये लसीकरण सुरू झाले आणि पहिल्या वर्षातच लसींनी १.४४ कोटी मृत्यू टाळल्याचा अंदाज आहे. नोंद न झालेले मृत्यू धरले तर १.९८ कोटी. मार्च २०२० मध्ये टाळलेला संसर्ग वर्षभराने झाला असता, तर तो बऱ्याच कमी धोक्याचा ठरला असता.

याचाच दुसरा अर्थ असा की लस किंवा उपचार येण्याची चिन्हे नसतील आणि निर्बंध अनंतकाळ टिकणार नसतील, तर ढकलण्याचे मूल्य झपाट्याने उतरते. हिशेबात ‘किती महिन्यांत काय हाती येईल’ ही ओळ संभाव्यतेसह लिहावी.

सरकारने वाटलेली मदत हा खर्चच ना?

सरकारकडून कुटुंबाकडे गेलेला पैसा समाजाच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. उत्पादनातली घट मोजून वर ही रक्कमही मिळवली, तर एकच नुकसान दोनदा धरले जाते. खर्चात घ्यायचे ते एवढेच: वाटपाचा प्रशासकीय खर्च, पुढे करवसुलीमुळे होणारी हानी आणि चुकीच्या हाती गेल्याने वाया गेलेला भाग.

हा शेवटचा भाग मोठा असू शकतो. अमेरिकेत छोट्या उद्योगांना पगारासाठी सुमारे ८०० अब्ज डॉलरची कर्जे दिली गेली. अन्यथा ज्यांची नोकरी गेली असती अशा कामगारांपर्यंत त्यातले २३ ते ३४ टक्केच पोहोचले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. मदत मात्र निर्बंधांइतकीच आवश्यक असते. मजुरी बुडण्याची भीती असलेला माणूस लक्षणे लपवतो आणि कामावर जातो.

निर्बंधांमुळे गेलेले जीव मोजायचे की नाही?

मोजायलाच हवेत, आणि त्याच मापाने. २०२० मध्ये नव्याने निदान झालेले क्षयरोगी ७१ लाखांवरून ५८ लाखांवर आले. आजार कमी झाला नव्हता, निदान थांबले होते. त्या वर्षी सुमारे २.३ कोटी बालकांच्या मूलभूत लसी चुकल्या. जगात अत्यंत गरिबीत ढकलल्या गेलेल्यांची संख्या अंदाजे ७ कोटींनी वाढली.

इथेही पहिल्या प्रश्नातली शिस्त पाळावी. क्षयरोगाचे निदान थांबले ते बससेवा बंद होती म्हणून, की दवाखाना साथीच्या रुग्णांनी भरला होता म्हणून? पहिले कारण निर्बंधांच्या खात्यात जाते, दुसरे साथीच्या.

कमी खर्चात जास्त लाभ देणारे उपाय कोणते?

बंद जागेतली हवा बदलणे हा त्यातला सर्वांत दुर्लक्षित उपाय. तासाला किमान ५ वेळा हवा बदलेल इतके वायुवीजन ठेवावे, अशी शिफारस अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०२३ मध्ये केली. खिडक्या, पंखे आणि हेपा गाळणीचे (हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारे) यंत्र यांवर खर्च होतो, पण कुणाचेही काम बंद पडत नाही.

चाचणी आणि विलगीकरणही स्वस्त पडते, मात्र अहवाल वेळेवर आला तरच. लक्षणे दिसण्याच्या आसपासच संसर्ग सर्वाधिक पसरत असेल, तर चार दिवसांनी आलेला अहवाल नोंदवहीपुरताच उपयोगी. सरसकट चाचण्यांत आणखी एक खड्डा आहे. एक लाख लोकांत ५०० बाधित आहेत, चाचणी ८० टक्के बाधितांना पकडते आणि निरोगी माणसाला ९९ टक्के वेळा निरोगी म्हणते असे धरा. खरे बाधित सापडतील ४०० आणि उगाच बाधित ठरतील ९९५. त्या ९९५ जणांचे दहा-दहा दिवस बुडतात. म्हणून संसर्ग विरळ असताना दुसरी खातरजमा चाचणी लगेच करावी. ती त्या बुडालेल्या दिवसांपेक्षा नक्कीच स्वस्त असते.

शेवटी स्वीडन बरोबर होता की न्यूझीलंड?

दोन्ही देशांच्या परिस्थितीत एवढे अंतर आहे की एकाचे धोरण दुसऱ्याच्या मापाने तोलता येत नाही. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केल्या, कडक टाळेबंदी लावली आणि ८ जूनला देशांतर्गत निर्बंध जवळपास सगळे उठवले. बेट असल्याने आणि संसर्ग तुरळक असताना सुरुवात केल्याने ते शक्य झाले. स्वीडनमध्ये २०२० मध्ये नॉर्वे आणि फिनलंडच्या कितीतरी पट मृत्यू झाले, तर तीन वर्षांचे जादा मृत्यू एकत्र मोजले की तो युरोपात सर्वांत कमी हानी झालेल्या देशांत येतो. पहिला आकडा घेऊन एक बाजू भांडते, दुसरा घेऊन दुसरी. आमच्या मते दोन्ही आकडे एकत्र वाचावेत: पहिल्या वर्षी वृद्धांचे रक्षण करण्यात स्वीडन कमी पडला आणि प्राथमिक शाळा चालू ठेवण्यात तो बरोबर होता.

मृत्यूंचा कोणता आकडा वापरावा?

नोंदलेल्या साथ-मृत्यूंऐवजी अतिरिक्त मृत्यू, म्हणजे प्रत्यक्ष एकूण मृत्यू वजा अपेक्षित मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० आणि २०२१ मध्ये जगात १.४९ कोटी अतिरिक्त मृत्यू झाले. नोंदलेले कोविड-मृत्यू होते सुमारे ५४ लाख. अपेक्षित मृत्यू काढताना मागच्या पाच वर्षांची साधी सरासरी घेऊ नका. लोकसंख्येत वृद्ध वाढत असतील तर ती सरासरी कमी पडते आणि अतिरिक्त मृत्यू फुगतात. वयोगटवार दर काढून त्यांचा कल पुढे न्यावा.

निर्णयाच्या टिपणात किमान काय असावे?

प्रत्येक उपायाला स्वतंत्र ओळ. ‘लॉकडाऊन’ अशी एकच ओळ लिहिली की शाळा, बाजार, प्रवास आणि लग्नसमारंभ एकत्र तोलले जातात आणि स्वस्त उपायांबरोबर महागडेही मंजूर होतात. प्रत्येक ओळीत तो उपाय बाकीच्यांवर जोडल्याने आर किती उतरतो, आठवड्याचा खर्च किती, तो कोणावर पडतो, आणि अंदाजाची खालची-वरची मर्यादा. खर्च कोणावर पडतो हे नुसत्या बेरजेत कधीच दिसत नाही: लाभ वृद्धांना आणि झळ रोजंदारीवर काम करणाऱ्यांना व मुलांना, असे असेल तर भरपाईची तरतूद त्याच टिपणात हवी.

भविष्यातल्या लाभाला कोणता वटाव दर लावला, म्हणजे पुढचा लाभ आजच्या किमतीत आणताना वर्षाला किती टक्क्यांनी कमी धरला, तेही लिहावे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत तो सर्वसाधारणपणे ३.५ टक्के आणि आरोग्यलाभांसाठी १.५ टक्के आहे. क्वालीत मोजलेले आयुष्य पुन्हा ‘बुडालेली मजुरी’ म्हणून मोजू नये.

आणि निर्बंध लावतानाच ते उठवण्याची अट लिहावी. उदाहरणार्थ, अतिदक्षता विभागातल्या भरलेल्या खाटा सलग १४ दिवस ठरलेल्या मर्यादेखाली राहिल्या की अमुक उपाय मागे. दाखल रुग्णांची संख्या संसर्गाच्या दोन-तीन आठवडे मागे चालते, त्यामुळे एक उपाय मागे घेतल्यावर पुढचा मागे घेण्याआधी किमान तेवढे दिवस जाऊ द्यावेत. दोन उपाय एकाच दिवशी उठवले, तर संसर्ग कशामुळे वाढला हे कधीच कळत नाही.